घरी धुतलेला रोल

आमच्या आईला मरायच्या आधी एक चांगला फोटो हवा होता. तसं तिनं सरळ सांगितलं, पोहे खाता खाता. मोठ्या आतड्यात गाठ आहे, ऑपरेशन लवकरात लवकर करायला हवं, असं डॉक्टर आदल्या संध्याकाळी म्हणाले होते. आणि ही बाई सकाळी उठून म्हणते, "आधी फोटो. फोटो झाल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही."

"आई, ऑपरेशन करायचंय ते जगण्यासाठी," मी म्हटलं. "भिंतीवर लटकण्यासाठी नाही."

"डॉक्टरला काय जातंय सांगायला! तुझ्या बाबांचं काय झालं ते विसरलीस?"

विसरणार कशी? बाबा गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा असा एक फोटो घरात सापडेना. आयुष्यभर कॅमेरा त्यांच्याच हातात, मग त्यांचा फोटो काढणार कोण? शेवटी संकेतच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांना कापून काढलं. मोठा करून आणला तर बाबांच्या खांद्यावर नंदाखालच्या मामाचा हात, घड्याळासकट. तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये बाबा हार घालून आहेत आणि मामाच्या हातालाही हार आहे.

मी हेमांगी. ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, गेल्या वर्षी निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का नाही केलं ते विचारू नका, माझं डोकं फिरतं. संकेत पुण्याला असतो. इथे वसईत, एव्हरशाईन कॉम्प्लेक्समध्ये आम्ही दोघीच, आणि दिवसातून निदान दोनदा आमचं वाजतं. माझ्या स्वभावात तिखट जरा जास्त आहे आणि ते कुठून आलंय ते आईकडे पाहिलं की कळतं.

मी मोबाइल उचलला, म्हटलं, "बस तिथे. हास." तर म्हणाली, "मोबाइलमधला मोठा केला की माणूस सुजल्यासारखं दिसतं. बाबांच्या कॅमेऱ्यात काढ. त्यातले फोटो कसे असायचे, केस न् केस मोजून घ्या."

बाबांचा कॅमेरा म्हणजे याशिका कंपनीचा दोन भिंगांचा चौकोनी डबा. मान खाली घालून वरून बघायचं, आणि समोरचा माणूस डावीकडे सरकला की आत तो उजवीकडे सरकतो. त्याला नेहमीची फिल्म चालत नाही. मीडियम फॉरमॅटची लागते, चांगली रुंद, काळ्या कागदात गुंडाळलेली, आणि अख्ख्या रोलवर फोटो फक्त बारा. माळ्यावरून डबा काढला. शटर अजून खटकन वाजत होतं. रोल ऑनलाइन मिळाला. आईला दाखवला तर म्हणाली, "अजून मिळतो हा?" आणि चष्मा काढून पुसायला लागली. मला वाटलं, बाबांची आठवण आली असेल.

मग सुरू झाले नखरे. फोटो घरात नको, नंदाखालला, माहेरच्या वाडीत काढायचा. बरं. तर अमावास्या. मग जांभळी साडी ड्रायक्लीनला. साडी आली तर नंदाखालचा मामेभाऊ एकनाथ घरी नाही, आणि तो नसताना वाडीत कसं जायचं? संकेत रोज फोन करून ओरडत होता, "ताई, तारीख घे ना!" मी सोमवारची तारीख घेऊन टाकली आणि आदल्या बुधवारी आईला रिक्षात घालून नंदाखालला नेलं.

केळीच्या बागेत खुर्ची ठेवली. एकनाथनं सुकलेली पानं बाजूला केली, विहिरीवरचा पंप बंद केला. आई बसली. मी मान खाली घालून बघतेय आणि आई म्हणतेय, थांब, पदर. थांब, डोळ्यात ऊन येतंय. थांब, चष्मा ठेवू का काढू? एकनाथ हसून म्हणाला, "आत्ये, पोरगी बघायला आलेत काय तुला?" सगळे हसलो. बाराच्या बारा फोटो काढून होईतो माझी मान धरली होती.

परतताना सांडोरला डेरिककडे थांबलो. डेरिकचा स्टुडिओ जुना. एकेकाळी वसईतली निम्मी लग्नं त्यानं काढलीत, आता आधार आणि पासपोर्टवर चाललंय. रोल हातात घेऊन त्यानं कौतुकानं फिरवला आणि म्हणाला, "हेमांगी, मी धुणं कधीच सोडलं. मुंबईला पाठवतो. पण ते बरेच रोल जमल्यावर एकदम धुतात. महिना धर."

"चालेल की," आई पटकन म्हणाली. "कसली घाई आहे?"

"घाई तुझ्या पोटात आहे!" मी म्हटलं. डेरिक काउंटरमागे वाकून काहीतरी शोधायला लागला.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. जन्मभर पोरांना चांदीचे क्षार उजेडात काळे पडतात हे घोकून घेतलं, आणि आता एक रोल धुवायला महिना थांबू? हॅट! डेरिकनं त्याची जुनी धुवायची टाकी देऊन टाकली. टाकी म्हणजे झाकणाचा काळा डबा, त्यात प्लास्टिकचं रीळ. अंधारात फिल्म त्या रिळावर चढवायची, डब्यात घालून झाकण लावायचं, की पुढचं काम उजेडात. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं औषध, आणि ते पक्कं करणारा फिक्सर दोन दिवसांत घरपोच आले. रोज रात्री आईची मालिका चालू असताना मी शेजारी बसून, डोळे मिटून, एका फुकट घालवलेल्या रोलवर सराव करत होते.

"उजेड लागला तर काय होतं गं?" आईनं विचारलं.

"सगळं काळं होतं."

"सगळं?"

"उजेड जिथे पोचेल तिथलं सगळं."

"आणि एकदा धुतल्यावर?"

"मग काही होत नाही. मग उन्हात वाळत घाल."

"अगं बाई," आई म्हणाली आणि परत मालिका बघायला लागली. मला बरं वाटलं, म्हातारी रस घेतेय म्हणून.

शनिवारी दुपारी चहा झाल्यावर मी कामाला लागले. आमच्या बाथरूमला एकच झडपांची खिडकी. तिला पुठ्ठा आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटवल्या. दाराखाली टॉवेल कोंबला. आत स्टूल, त्यावर टाकी, रीळ, कात्री, सगळं हाताला सापडेल असं. आईला बजावलं, "दार उघडायचं नाही. आग लागली तरी आधी हाक मारायची." आई म्हणाली, "मी कशाला उघडू?" आणि खरंच, दार तिनं उघडलं नाही.

अंधारात हात स्वतःचे वाटत नाहीत. काळा कागद उलगडत गेले, मध्येच फिल्मचं सुटं टोक बोटांना लागलं. ते रिळाच्या खाचेत सरकवलं. डावा हात पुढे, उजवा हात पुढे, फिल्म आत जायला लागली. बाथरूममध्ये दमट, माझ्या कपाळावरून घाम ओघळतोय, आणि अर्ध्यावर फिल्म अडकली. जोर लावला तर दुमडेल. मी थांबले, तळवे गाऊनला पुसले, हळूच मागे ओढली, पुन्हा ढकलली. सरकली! मी एकटीच त्या काळोखात "शाब्बास" म्हणाले.

आणि लाइट लागला.

आमच्या बिल्डरनं बाथरूमची बटणं दाराबाहेर दिलीत. कुठल्या गाढवानं हे ठरवलं माहीत नाही. आणि दुसऱ्या गाढवानं, म्हणजे मी, बल्ब काढून ठेवला नव्हता. माझ्या हातात अर्धी फिल्म रिळात, अर्धी बाहेर लोंबतेय, आणि वर बल्ब लखलखतोय.

"आई! बंद कर! बंद कर आधी!"

"तिन्हीसांजा झाल्या," बाहेरून आवाज आला. "घरात अंधार ठेवू नये."

"बंद कर!!"

बंद झाला. पण जे व्हायचं ते झालं होतं. आमच्याकडे ही पद्धतच आहे. दिवेलागणीला घरातली प्रत्येक खोली एकदा तरी उजळायची, बाथरूमसुद्धा. लक्ष्मी यायची वेळ, तिला काळोख दिसायला नको. मी लहान असल्यापासून आई हे न चुकता करते. तरी मला सुचू नये? मी तिथेच स्टुलावर बसून दोन मिनिटं मनसोक्त शिव्या दिल्या, काही लक्ष्मीलाही.

मग हट्टानं उरलेली फिल्म चढवली, टाकीचं झाकण लावलं आणि बाहेर आले. आई देवापाशी माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तडक स्वयंपाकघरात गेले.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून कोमट येतं आणि डेव्हलपरला लागतं गार. फिल्टरच्या पाण्यात औषध कालवलं, भांडं परातीत ठेवून भोवती बर्फ रचला आणि थर्मामीटर घालून उभी राहिले. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर येत होतं, पारा दिसेना, म्हणून पडदा ओढला. डेव्हलपर ओतला. टाकी उलटी-सुलटी करायची, थोडं थांबायचं, पुन्हा उलटी-सुलटी. डबीवर लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. काळी पट्टी निघणार हे माहीत असताना मी ते इतकं नीट का करत होते? कारण मला चुकीचं करता येत नाही, दुसरं काय! डेव्हलपर ओतून दिला, पाणी फिरवलं, फिक्सर घातला, आणि बराच वेळ नळाखाली धुतली.

रीळ उघडून फिल्म बाहेर ओढली. काळी. काळी, काळी, कोळशासारखी. वारभर लांबीची ती पट्टी मी उचलत गेले आणि अगदी शेवटाला, जो भाग आधी रिळात शिरून पार आत जाऊन बसला होता, तिथे राखाडी रंग दिसला. कडा काळवंडलेल्या, पण मध्ये एक स्वच्छ चौकोन. त्यात खुर्ची. केळीची पानं. आणि आई, उलटी, म्हणजे केस काळे, चेहरा काळा, डोळ्यांची बुबुळं पांढरी. पदराचा काठसुद्धा मोजता येईल इतकी नीट. मी आयुष्यात पहिल्यांदा फिल्म धुतली होती आणि ती आली होती. मला इतका आनंद झाला की राग कुठल्या कुठे गेला.

"आई!" मी ओरडत बाहेर आले. "एक वाचला! बघ, शेवटचा वाचला! उद्या डेरिककडून मोठा करून आणते, रविवारीच फ्रेम होईल. चल, सुटलो!"

आईनं मान वर करून बघितलं. आणि तिचा चेहरा पडला.

मी तीस वर्षं वर्गात उभी राहिलेय. निकाल लागल्यावर चेहरे कसे पडतात ते मला कुणी शिकवायला नको. फोटो वाचला म्हणून पडलेला चेहरा मात्र मी पहिल्यांदा बघितला. "राहिला का एक?" ती म्हणाली, आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

मी फिल्म गॅलरीतल्या दोरीला चिमट्यानं अडकवली. खाली रिक्षांचे दिवे लागले होते. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या एकेक करून पिवळ्या होत होत्या. मी परत आत आले तर हॉलमध्ये काळोख. देवापाशी काळोख. स्वयंपाकघरात काळोख. आता कुठे खरी दिवेलागण झाली होती, आणि आई उठली नव्हती. मगाशी माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं! विजेचं बिल येईल म्हणून सुईत दोरा ओवेनासा होईपर्यंत ही बाई बटणाला हात लावत नाही, आणि ती भर उन्हात तिन्हीसांजा झाल्या म्हणत होती.

मीही दिवा लावला नाही. तिच्यासमोर खाली बसले.

"आई, मगाशी ऊन होतं."

"हं."

"मुद्दाम लावलास तू."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मला वाटलं, त्या कॅमेऱ्याचा रोलच आता मिळत नसेल. तू मिळवलास. मग डेरिक महिना म्हणाला, मला बरं वाटलं. तर तू मेली घरीच धुवायला बसलीस! कोण करतं गं असं?"

"अगं, मग सरळ सांगायचं ना ऑपरेशन नको म्हणून!"

"नको असं कुठे म्हणतेय मी?" तिचा आवाज चढला आणि मध्येच तुटला. "मला भीती वाटते, हेमे. फार भीती वाटते. झोपवणार, पोट फाडणार, आणि मला कळणारही नाही. जाग आलीच नाही तर? आणि तिथे तुम्ही कुणी नसणार. मी एकटी."

ह्या बाईला मी जन्मात घाबरलेलं बघितलं नव्हतं. बाबा गेले तेव्हासुद्धा आलेल्या लोकांना चहा पुरतोय का ते ती बघत होती. मी तिचा हात धरला. तो गार होता.

"मलापण वाटते भीती," मी म्हटलं. "रोज वाटते. तुला काय वाटलं, मी हे बर्फ आणि थर्मामीटर कशासाठी करत बसले?"

"मला वाटलं, तुला छंद लागला."

"छंद कसला डोंबलाचा! हातांना काहीतरी हवं होतं. नाहीतर मी रात्रभर मोबाइलवर त्या गाठीबद्दल वाचत बसले असते. दोन रात्री वाचलंही."

"काय लिहिलंय?"

"निम्मं चांगलं आहे, निम्मं वाईट."

"अगं बाई," आई म्हणाली, आणि मग आम्ही दोघीही रडलो. तो कार्यक्रम बराच वेळ चालला. शेवटी तिनं पदरानं आधी माझं तोंड पुसलं आणि मग स्वतःचं.

"कसा आलाय फोटो?" तिनं विचारलं.

"चांगला आलाय. खरंच चांगला आलाय."

"मग लाव भिंतीवर. आता काय उरलं?"

मी उठले. गॅलरीत जाऊन फिल्म दोरीवरून काढली. कोपऱ्यातून पाणी अजून ठिबकत होतं. स्वयंपाकघरातली कात्री घेतली, आणि आईच्या देखत तो एकुलता एक चौकोन कापला. मग त्याचे दोन तुकडे केले, चार केले, आणि केराच्या टोपलीत टाकले. डोळ्यांत परत पाणी आलं. पहिल्यांदाच धुतलेला रोल होता हो तो!

"अगं अगं अगं!" आई उभीच राहिली. "वेडी का खुळी तू? एवढी मरमर करून!"

"आता तुझा फोटो नाहीये," मी म्हटलं. "एकही नाही. आधार कार्डावरचा आहे, तो लावू का?"

"शी! त्यात मी चोरासारखी दिसते."

"मग? तसं चालणार नाही. बरी होऊन घरी आलीस की परत वाडीत जाऊ, परत काढू. मी परत घरीच धुणार. आता येतं मला."

आई टोपलीकडे बघत राहिली. मग तिनं हॉलचा दिवा लावला, आणि आत जाऊन हॉस्पिटलच्या पिशवीत टॉवेल भरायला लागली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "जांभळी नको पुढच्या वेळी. मोरपंखी नेसेन."

सोमवारी संकेत पुण्याहून आला. फॉर्म त्यानं भरले, सह्या मी केल्या. आईनं बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर झोपली तेव्हा ती एवढीशी दिसत होती. नर्स मुलगी वसईचीच होती. तिनं विचारलं, "आजी, घाबरलात का?"

"हो," आई म्हणाली. "खूप. पण माझा फोटो राहिलाय. त्या डॉक्टरला सांग नीट कर म्हणून."

नर्सला काही कळलं नाही, ती हसली आणि स्ट्रेचर ढकलायला लागली. मी बाजूनं चालत होते. दारापाशी मला थांबवलं. आईनं उशीवरून मान वळवून मला शोधलं. चष्मा नव्हता, त्यामुळे तिला मी नीट दिसत नसणार. तरी ती माझ्याच दिशेनं बघत म्हणाली, "हेमे, येते गं."

"ये," मी म्हटलं.